कांचतंतूंचा हात आणि त्याची दुरुस्ती



पावसाळा तोंडावर आला म्हणजे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटण्याची एकच घाई उडते. त्या वेळीं मोठ्या मोटारीवर बसविलेला एक लांब हात आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी टोपली आपण सर्वांनीं पाहिली असेल. कामगार लोक त्या टोपलीला बकेट म्हणतात व हाताला बूम म्हणतात. मी पहिला शब्द तसाच ठेवितों, पण दुसऱ्याच्या जागीं हात हाच शब्द वापरीन, कारण तें यंत्र करतें तें काम हाताचेंच आहे. अमेरिकेंत या यंत्राला चेरी तोडणारें अशा अर्थाचें एक नांव रूढ आहे. जे आयटेल नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें शिडीवर चढून चेरी तोडण्याच्या त्रासाला कंटाळून इ. स. १९४४ मध्यें तें योजिलें असें सांगतात. फळें तोडण्यासाठीं जन्मलेलें हें यंत्र पुढें विजेच्या तारांच्या कामाला लागलें, आणि तेथेंच त्याच्या अंगच्या गुणदोषांना जीवनमरणाचें महत्त्व आलें.

हीं सर्व यंत्रें एकाच जातीचीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे बदलण्यासाठीं जीं यंत्रें फिरतात, त्यांपैकीं पुष्कळांचे हात बुडापासून टोकापर्यंत पोलादाचे असतात. पोलाद मजबूत खरें, परंतु विजेला तें राजमार्गासारखें आहे. चालू तारेजवळ काम करण्यासाठीं जें यंत्र मुद्दाम बनवितात, त्याच्या वरच्या हाताचा मोठा भाग फायबरग्लासचा, म्हणजे कांचतंतूंचा असतो. माझा आजचा विषय या दुसऱ्या जातीचा आहे. आणि त्यांतहि एवढाच कीं, त्या यंत्राच्या कांचतंतूंच्या भागाला ओरखडा पडला, तडा गेला किंवा त्याचा टवका उडाला, तर तो कोणीं, कसा आणि कोठवर दुरुस्त करावा. मी इंजिनियर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व जन्मभर खडू झिजविलेला शाळामास्तर आहें. परंतु माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरी जिल्ह्यांत फायबरग्लासच्या मच्छिमारी होड्या बांधतो. त्याच्या कारखान्यांत बसून जें पाहिलें, आणि मागाहून पुस्तकें उघडून जें पडताळून घेतलें, तेंच आपल्यापुढें ठेवीत आहें.

कांच म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें खिडकीचें तावदान येतें, आणि तावदान म्हटलें कीं मुलांचा चेंडू आठवतो. एवढी ठिसूळ वस्तु माणसाचा भार कशी पेलते, असें कोणासहि वाटेल. परंतु वितळलेली कांच ओढून केसाहून बारीक तंतू काढला म्हणजे तिचा स्वभाव पालटतो. तो तंतू वांकतो, विणतां येतो, आणि ओढून सहसा तुटत नाहीं. अमेरिकेंत १९३० नंतरच्या वर्षांत गेम्स स्लेटर याच्या प्रयत्नांनीं हे तंतू मोठ्या प्रमाणावर निघूं लागले. १९३८ सालीं त्यांच्यासाठीं ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. आणि १९५३ सालीं कॉर्व्हेट नांवाच्या मोटारीचें सगळें कवचच फायबरग्लासचें निघालें. नुसत्या तंतूंची वस्तु अर्थात् उभी राहत नाहीं. तंतूंना एकत्र धरण्यासाठीं रेझिन लागतें. कोंकणांतल्या कुडाच्या भिंतींत काटक्या ताण सोसतात आणि लिंपलेली माती त्यांना जागच्या जागीं धरून ठेवते, तोच प्रकार येथें आहे. काटक्यांच्या जागीं कांच आणि मातीच्या जागीं रेझिन. हीं दोन्हीं विजेला वाट देत नाहींत. म्हणून पोलादाच्या खालच्या हाताला वर कांचतंतूंची पोकळ नळी जोडली, तर वर उभा असलेला माणूस जमिनीपासून विजेच्या दृष्टीनें तुटलेला राहतो.

माणूस ज्या बकेटींत उभा असतो तीच त्याला विजेपासून वांचविते, हा एक मोठा गैरसमज आहे. बकेटीचें बाहेरचें कवच फायबरग्लासचें असलें तरी त्याच्यावर तो भरंवसा ठेवलेला नसतो. तिच्या आंत पॉलिथिलीनचें एक जाड अस्तर बसवितात, तें विद्युद्रोधक असतें. आणि माणूस व जमीन यांच्यामधला मुख्य बांध म्हणजे वरच्या हाताची ती नळी. पुष्कळ यंत्रांत खालच्या हातांतहि असाच एक तुकडा घालतात, म्हणजे तारेला हाताचें कोपर लागलें तरी मोटारीजवळ उभा असलेला माणूस वांचावा. आणि हा सगळा बांध पक्का असला तरी वरच्या माणसानें एका हातानें तार व दुसऱ्या हातानें दुसरी तार किंवा खांबाचें लोखंड धरलें, तर कोणताहि कांचतंतू त्याला वांचवूं शकत नाहीं. कारण वीज त्या वेळीं जमिनीकडे जातच नाहीं, ती त्याच्या छातींतून सरळ पार होते. म्हणून रबरी हातमोजे व तारांवरचीं आच्छादनें यांवांचून तें काम करीत नाहींत.

आतां दुरुस्तीकडे वळूं. आपल्या घरांत लोणच्याची चिनी मातीची बरणी असते. तिला बारीक तडा गेला तर गृहिणी काय करते? बरणी फेकून देत नाहीं. तींत डाळ भरते. पण लोणचें घालीत नाहीं, कारण त्या तड्यांतून तेल व खार पाझरणार हें तिला पक्कें ठाऊक असतें. बरणी तीच, तडाहि तोच. एका कामाला ती चालते, दुसऱ्याला चालत नाहीं. कांचतंतूंच्या भागांचेंहि असेंच आहे. बकेटीच्या कवचाला भार पेलावयाचा आहे, आणि वरच्या नळीला भारहि पेलावयाचा आहे व वीजहि अडवावयाची आहे. कवचाची मजबुती नीट केलेल्या दुरुस्तीनें पुष्कळ अंशीं परत येते, आणि ती ठोकून, दाबून, वजन घालून पाहतां येते. वीज अडविण्याचा गुण मात्र डोळ्यांना दिसत नाहीं, बोटांना लागत नाहीं, आणि वर लावलेल्या चकचकीत रंगावरून तर मुळींच कळत नाहीं.

हा गुण जातो कसा? रेझिनचें पृष्ठ शाबूत असेपर्यंत पाणी आंत शिरत नाहीं. ओरखडा खोल गेला आणि तंतू उघडे पडले, कीं समईच्या वातींतून तेल चढावें तसें पाणी तंतू व रेझिन यांच्या सांधींतून पुढें पुढें सरकत जातें. त्या ओलाव्यांतून थोडीशी वीज झिरपते. ती जेथून झिरपते तेथें ऊब धरते व रेझिन करपतें. करपलें म्हणजे कोळसा होतो, आणि कोळसा हा विजेचा मित्र. पुढच्या खेपेस वीज त्याच काळ्या रेघेनें अधिक सुखानें जाते व रेघ आणखी लांबते. नळीच्या आंतल्या बाजूलाहि धूळ व दमटपणा सांठला कीं हेंच होतें. आणि ती बाजू तर कोणी सहसा पाहत नाहीं.

म्हणून या हाताची परीक्षा विजेनेंच घ्यावी लागते. अमेरिकेंत ए. एन. एस. आय. ए-९२.२ हें प्रमाणक या कामीं चालतें. त्यांत ४६,००० व्होल्टपर्यंतच्या ‘सी’ वर्गाच्या यंत्रांची नेमानें घ्यावयाची परीक्षा अशी आहे: नळीवर ४०,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती दाब एक मिनिटभर ठेवावयाचा, आणि तेवढ्या वेळांत तिच्यांतून झिरपणारा प्रवाह ४०० मायक्रोअँपियरांच्या, म्हणजे एका अँपियरच्या अडीच हजाराव्या हिश्शाच्या, वर जातां कामा नये. एकदिश दाबानें पाहावयाचें तर ५६,००० व्होल्ट, तीन मिनिटें, आणि मर्यादा ५६ मायक्रोअँपियरांची. हे आंकडे एवढे सूक्ष्म कां, हें माणसाच्या देहाकडे पाहिलें म्हणजे समजतें. सुमारें १,००० मायक्रोअँपियरांचा प्रवाह त्याला मुंग्यांसारखा जाणवतो. १०,००० च्या आसपास स्नायू आंखडतात व हातांतली तार सोडवत नाहीं. आणि ५०,००० ते १,००,००० मायक्रोअँपियर छातींतून गेले तर हृदयाचा ताल बिघडूं शकतो. चाळीस वॅटचा साधा विजेचा दिवा याहून अधिक प्रवाह घेतो.

माझ्या विद्यार्थ्याकडे मागें एक कंत्राटदार अशाच यंत्राच्या दोन दुरुस्त्या घेऊन आला. यंत्र परदेशांतून आलेलें, जुनें. बकेटीच्या कुशीला वीतभर तडा होता, आणि वरच्या नळीवर, तारेला घासून पडली असावी अशी, एक बोटभर लांबीची खोबण. कंत्राटदाराचें म्हणणें साधें होतें. ‘भाऊ, तुम्ही एवढाल्या होड्या समुद्रांत सोडतां, मग हें केवढेंसें काम? एक मॅट मारा, वर पिवळा रंग द्या, मला सोमवारीं गाडी पाहिजे.’ माझा विद्यार्थी म्हणाला, ‘शेट, बकेट ठेवून जा, आठ दिवसांनीं न्या. हात मी घेणार नाहीं.’ शेटना तें उद्धटपणाचें वाटलें. मजुरी दुप्पट देऊं केली, मग ओळखीचा हवाला दिला. तो बधला नाहीं. मागाहून तो मला म्हणाला, ‘गुरुजी, माझी होडी गळली तर भोंवतालच्या चार होड्या धांवून येतात. त्या टोपलींतल्या माणसाकडे कोण धांवणार?’ अमेरिकेच्या संघराज्याचा कामगार-सुरक्षेचा नियमहि हेंच सांगतो, हें त्या बिचाऱ्याला तेव्हां ठाऊक नव्हतें. यंत्राचा विद्युद्रोधक भाग, त्याचा रोधकपणा उणा होईल अशा कोणत्याहि रीतीनें बदलूं नये, असें त्या नियमाचें सार आहे. नळीची दुरुस्ती करावयाची तर ती उत्पादकानें किंवा त्यानें मान्य केलेल्या कारखान्यानें करावी, आणि तेथून ती वर सांगितलेल्या परीक्षेला उतरूनच बाहेर पडावी. उत्पादकांचा कल पुष्कळदां दुरुस्तीपेक्षां नवी नळी घालण्याकडेच असतो, आणि मला तें कांहीं केवळ धंदेवाईक लोभाचें वाटत नाहीं.

बकेटीचें काम त्यानें कसें केलें तें सांगण्याजोगें आहे. प्रथम उत्पादकाचें पुस्तक मागवून हा तडा दुरुस्तीच्या कक्षेंत बसतो कीं नाहीं तें पाहिलें. बकेट ज्या ठिकाणीं हाताला जोडलेली असते, तेथें तडा असता तर त्यानें तीहि परत पाठविली असती; कारण सगळा भार त्या सांध्यावर येतो. मग गाडी सपाट जागीं उभी करून, हात त्याच्या टेंकूवर पुरता बसवून, इंजिन बंद करून व किल्ली स्वतःच्या खिशांत घालून त्यानें बकेट उतरविली. तेलाच्या दाबावर उचलून धरलेल्या हाताखालीं कोणींहि काम करूं नये, हें त्यानें पोरांना दोनदां बजाविलें.

तडा दिसतो तेवढाच असतो असें नाहीं. वरचा जेलकोट, म्हणजे सुमारें अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत थर, पुष्कळदां कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो. पण खालचें अंग धड असतें. उलट कधीं वर एकच रेघ दिसते आणि आंतले थर तळहाताएवढ्या जागेंत एकमेकांपासून सुटलेले असतात. हें ओळखण्याचा उपाय अगदीं घरगुती आहे. एक नाणें घेऊन तड्याभोंवतीं टक् टक् वाजवीत जावें. अंग धड असेल तेथें आवाज खणखणीत येतो, सुटलें असेल तेथें तो भद्द होतो. बाजारांत नारळ घेतांना आपण दुसरें काय करतों? जेथें भद्द वाजलें तेथवर त्यानें पेन्सिलीनें कुंडली आंखली, आणि तेवढें सगळें मेलेलें अंग काढून टाकलें.

घासण्यापूर्वीं बकेट साबणानें व मग अ‍ॅसिटोननें पुसून घेतली. हा क्रम उलटला तर वरचें मेण व तेल पॉलिश-पेपरनें आंतच घोटलें जातें आणि नवें रेझिन धरत नाहीं. मग कडा उतरत्या केल्या. होड्यांच्या कामांत यासाठीं एकास बारा असें प्रमाण धरतात: जाडी सहा मिलिमीटर असेल तर उतार बहात्तर मिलिमीटर, म्हणजे सुमारें सात सेंटिमीटर लांब. वीतभर तड्यासाठीं एवढी मोठी जागा खरवडलेली पाहून कंत्राटदाराच्या माणसानें कपाळाला हात लावला. पण नव्या-जुन्याचा जोड काठाकाठाला चिकटवून टिकत नाहीं. धोतराला ठिगळ लावतांना फाटक्या कडेच्या पलीकडे धड कापडांत टांका घालावा लागतो, तसेंच हें. मग अंग पुरतें सुकवून त्यावर कांचतंतूंची मॅट रेझिनमध्यें भिजवून थरावर थर बसविले, आणि प्रत्येक थर रोळ्यानें दाबून हवेचा बुडबुडा राहूं दिला नाहीं.

पॉलिएस्टर रेझिनमध्यें हार्डनर घालावयाचें तें वजनानें शेंकडा एक ते दोन. अर्धा किलो रेझिनला पांच ते दहा ग्रॅम. त्याहून कमी पडलें तर थर कच्चा राहतो, अधिक पडलें तर तापून तडकतो. येथें आपल्या कारागिरांची ‘अंदाजपंचे’ पद्धत फार नडते. माझ्या विद्यार्थ्यानें तराजू ठेविला आहे, आणि तराजूवांचून हार्डनरच्या बाटलीला हात लावणाऱ्या पोराला तो त्या दिवशीं घरीं पाठवितो. जुनें अंग कोणत्या रेझिनचें आहे तेंहि पाहावें लागतें. एपॉक्सीचें रेझिन पॉलिएस्टरवर चांगलें बसतें, पण पॉलिएस्टर एपॉक्सीवर नीट बसत नाहीं.

दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाचें बोलणेंहि येथेंच केलें पाहिजे, कारण अपघात कांहीं तारेवरच होतात असें नाहीं. रेझिनला जो उग्र वास येतो तो स्टायरिनचा. त्याला कर्करोगाचें संभाव्य कारण मानावें असा निर्णय कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें, म्हणजे आय. ए. आर. सी. नें, २०१८ सालीं दिला. शिवाय स्टायरिनची वाफ सुमारें ३१ अंश सेल्सियस उष्णतेला ठिणगीनें पेट घेऊं शकते. आपल्या कोंकणांत वैशाखाच्या दुपारीं सावलींतहि पारा त्याच्यावर असतो. अ‍ॅसिटोन तर पाणी गोठेल अशा थंडींतहि पेटतें. तेव्हां हें काम उघड्या, वारा खेळणाऱ्या जागीं करावें, आणि विडी-काडी, ग्राइंडरची ठिणगी व रेझिनचा डबा यांची एकमेकांशीं गांठ पडूं देऊं नये. आणखी एक गोष्ट. कारखान्यांत हार्डनर आणि कोबाल्ट अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसतात. कोबाल्ट रेझिनमध्यें पुरतें मिसळल्यानंतरच हार्डनर घालावें. तीं दोन्हीं एकमेकांत सरळ ओतलीं तर भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टि जाऊं शकते. घासतांना उडणारी धूळ अंगाला खाज आणते एवढेंच नव्हे, तर श्वासावाटे आंतहि जाते. तोंडाला बांधलेला हातरुमाल धुळीला थोडा अडवितो, वाफेला मुळींच नाहीं; वाफेसाठीं कोळशाची डबी लावलेला मुखवटाच पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांत तो सर्वांना दिलेला आहे. तरी गळ्यांत लोंबकळत ठेवण्याची हौस कांहींची जात नाहीं.

जे लोक सदिच्छेनें यंत्र बिघडवितात त्यांच्याविषयींहि दोन शब्द. नळीला भोंक पाडून कोणी दिवा बसवितो, कोणी हत्यारें अडकविण्याचा आंकडा ठोकतो, कोणी तिच्या बाजूनें तांब्याची तार नेतो. कोणी खोबण बुजविण्यासाठीं अ‍ॅल्युमिनियमची पूड घातलेली लांबी भरतो, कोणी चांदीसारखा चमकणारा रंग देतो. अधिक मजबूत म्हणून कार्बनचे तंतू वापरणारा तर सर्वांत शहाणा. कार्बन म्हणजे तोच विजेचा मित्र कोळसा. बकेटीच्या आंतल्या अस्तरालाहि असाच प्रसाद मिळतो. त्यांत पावसाचें पाणी सांठतें म्हणून भोंक पाडतात, आणि एका भोंकानें तें अस्तर निकामी होतें. फाटलेलें किंवा चिरलेलें अस्तर सांधीत नाहींत, बदलतात. त्याची परीक्षा पाण्यांत होते: आंत पाणी, बाहेर पाणी, आणि मध्यें अस्तर. अशा मांडणींत विजेचा मोठा दाब दिला म्हणजे सुईएवढें छिद्रहि लपत नाहीं.

नळीच्या मजबुतीसाठीं एक वेगळी परीक्षा आहे, ती मला फार आवडली. नळीवर ठिकठिकाणीं कान लावल्यासारखे सूक्ष्म ध्वनिग्राहक चिकटवितात, आणि ठराविक भार हळूहळू देतात. आंत एखादा तंतू तुटत असेल, थर सुटत असेल, तर मानवी कानाला न कळणारा आवाज होतो; तो यंत्र टिपून घेतें. नाण्याच्या त्या टक् टक् चेंच हें सुधारलेलें रूप आहे. पण ही परीक्षा भाराची. विजेची परीक्षा हिनें टळत नाहीं.

आपल्या सोसायटीच्या आवारांत फांद्या छाटण्यासाठीं असें यंत्र येतें, तेव्हां कमिटीच्या सेक्रेटरींनीं भाव ठरवितांना एक कागद मागावा: विद्युद्रोधक हाताच्या शेवटच्या परीक्षेचा. त्यावर तारीख, दिलेला दाब आणि झिरपलेला प्रवाह हीं तिन्हीं लिहिलेलीं असतात. अशी परीक्षा साधारणपणें वर्षांतून एकदां, आणि नळीला कोणतीहि दुरुस्ती झाल्यावर त्या दुरुस्तीनंतर, झालेली असावी. कागद नसेल, किंवा हात पोलादाचाच असेल, तर तें यंत्र वाईट असें नव्हे. तें विजेच्या तारेजवळ नेण्याचें नव्हे एवढेंच. अमेरिकन नियमाप्रमाणें ५०,००० व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेपासून असें यंत्र निदान दहा फूट दूर ठेवावें लागतें. तेवढें अंतर मिळत नसेल तर वीज कंपनीला आधीं कळवून तार बंद करून घ्यावी, ती बंद झाल्याचा निरोप तिच्या माणसाच्या तोंडून ऐकावा, आणि मगच त्या वरच्या माणसाला कोयता उचलूं द्यावा.